सहा तासांचा पहारा

“…पण मी दमलोय, असं म्हणालो कुठं मी, बुवा?”

केरूबुवांच्या पुढ्यातल्या सुपात हरभऱ्याची डाळ होती. तिच्यातला एक खडा त्यांनी उचलला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि बाजूला टाकला.

“दमलेला माणूस झोप मागतो,” उद्धव गर्जे म्हणाला. “मी ताकद मागतोय.”

“किती?”

“आणखी दहा वर्षं पुरेल एवढी.”

बुवा दुसरा खडा शोधायला लागले.

चैत्रातला सप्ताह चालू होता. मारुतीच्या देवळापुढे मांडव, मांडवातलं सकाळचं पारायण नुकतंच उठलेलं, आणि आम्ही तिघं देवळाच्या ओट्यावर. मी शाळेतून रिटायर झालेला मास्तर. सप्ताहात वीणेच्या पहाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून मी तिथे होतो. नाहीतर दोघांच्या बोलण्यात नाक खुपसायची मला सवय नाही.

केरूबुवांना मठ नाही, शिष्य नाहीत. ऐंशी कधीच पार केलेली. गेली चाळीस वर्षं आमच्या सप्ताहाची वीणा त्यांच्या शब्दावर चालते, एवढाच त्यांचा अधिकार. कोणी पाया पडायला वाकलं तर ते पाय आखडून घेतात. तरी लोक येतात आणि काहीबाही विचारतात. बुवा बहुतेक वेळा उलट काहीतरी विचारतात, आणि लोक चिडून घरी जातात.

उद्धव आमच्याच गावचा, पण पाहुण्यासारखा येणारा. उंची सहा फूट सात इंच. एसटीतून उतरला की देवळापर्यंत पोचायच्या आत चार जण तरी त्याला विचारतात, ‘काय गर्जे, वर हवा कशी हाये?’ तीस वर्षं झाली, तोच विनोद. तो दर वेळी हसतो. त्या दिवशी हसला नाही, हे मी पाहिलं.

चौदाव्या वर्षी खेळाच्या वसतिगृहाचे लोक त्याला उचलून घेऊन गेले होते. बास्केटबॉल. मग रेल्वेची टीम, मग देशाची, मग थायलंडच्या एका क्लबाने करार करून नेलं. अठरा वर्षं तो खेळाचीच भाकरी खात होता. आमच्या पंचक्रोशीत असा दुसरा झाला नाही. पेपरात त्याचे फोटो यायचे ते कापून मी शाळेच्या भिंतीवर लावायचो. फोटोत दर वेळी तो हवेत असायचा.

आता तो सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि ओट्याच्या तीन पायऱ्या खांब धरून चढला होता.

“काय खेळायचास तू?” बुवांनी विचारलं. त्यांनी जन्मात बास्केटबॉल पाहिलेला नव्हता.

“बास्केटबॉल. चेंडू वरच्या कडीत टाकायचा.”

“टाकला की ऱ्हातो तिथं?”

“नाही. जाळीतून खाली पडतो.”

“तळ नसतो व्हय त्या जाळीला?”

“नसतो.”

“आन अठरा वर्षं टाकत व्हतास?”

मला हसू आलं. ते मी फळा पुसण्यात दडवलं.

“माझं काम टाकायचं नव्हतं,” उद्धव जरा ताठ होत म्हणाला. “मी कडीखालचा माणूस. दुसऱ्याचा नेम चुकला, चेंडू कडीला लागून उडाला, की हवेत जाऊन तो धरायचा. कोपरं बसतात, धक्के बसतात. पण धरायचा. खाली पडू द्यायचा नाही.”

“म्हंजी दुसऱ्याचं चुकलं की तुझं काम सुरू.”

“हो.”

“अवघड हाये.”

उद्धवने बुवांकडे पाहिलं. हे त्याला आजवर कोणी म्हणालं नसावं. सगळे उंचीच विचारतात.

“आन दम लागला मंग?”

“मूठ वर करायची,” तो म्हणाला. “पळता पळता खेळाडूने मूठ वर केली की कोचला कळतं, हा थकला. मग कोच बदली माणूस पाठवतो. आमच्या कोचचा एक नियम होता. जो आपण होऊन मूठ वर करील, त्याने दम खाल्ला की आपण होऊनच परत आत जायचं. कोणाला विचारायची गरज नाही. पण ज्याला कोचला बाहेर ओढावं लागेल, तो कोच म्हणेल तेव्हाच आत.”

“चांगला नियम हाये.”

“मला कधी लागला नाही तो.”

बुवांचा हात सुपात थांबला.

“अठरा वर्षांत मी एकदाही मूठ वर केली नाही, बुवा. एकदाही. गुडघ्यांची चार ऑपरेशनं झाली. अंगात ताप असताना खेळलो. वडील गेले त्याच्या पाचव्या दिवशी खेळलो. पण मूठ वर केली नाही.”

हे सांगताना त्याचा चेहरा उजळला. त्या सकाळी पहिल्यांदाच.

“तुझ्या जागी कोन येनार व्हता?”

“जोबी म्हणून होता एक. केरळचा. सहा वर्षं माझ्यामागे बाकावर.”

“कसा खेळायचा?”

“सरावात बरा होता,” उद्धव म्हणाला. “सामन्यात… पाहिलंच नाही मी त्याला.”

बुवांनी सूप हलवलं आणि पुन्हा डाळीत बोटं घातली.

तेवढ्यात उद्धवने घड्याळ पाहिलं आणि फोन लावला. गावात आल्यापासूनची ही चौथी वेळ. “केतकी, उशी डाव्या बाजूनं लाव… हो, डाव्या. पेज पातळ कर. चमचा अर्धाच भरायचा, नाहीतर ठसका लागतो तिला… आंघोळ नको. राहू दे. मी संध्याकाळच्या गाडीनं येतोय, मी घालीन… अगं राहू दे म्हटलं ना.”

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. त्याने फोन ठेवला.

“वैजयंता कशी हाये?” बुवांनी विचारलं.

वैजयंता म्हणजे त्याची बायको. चार वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गावाला एवढं माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

“तिचं सगळं मी एकटा करतो,” उद्धव म्हणाला. “शाळेत पोरांना खेळ शिकवायची नोकरी होती, ती सोडली. उठवणं, बसवणं, भरवणं, संडास, आंघोळ, सगळं. बाई ठेवली नाही. मेहुणी आली होती राहायला, तिला परत पाठवलं. वैजयंता माझ्याशिवाय कोणाच्या हातचं खात नाही, बुवा.”

“आन केतकी?”

“पोरगी पुण्याहून महिन्याची रजा टाकून आलीय. म्हणते, आता मी बघते. तिला काय जमणार? चोवीस वर्षांचं वय.”

“आनखी काय म्हंती?”

उद्धवने पायाखालच्या फरशीकडे पाहिलं.

“म्हणते… पप्पा, आई थोडी माझ्याही वाट्याला येऊ द्या.”

मांडवात वीणा चालू होती. सकाळचा पहारेकरी डोळे मिटून नाम घेत होता.

“मंगळवारी पडली ती,” उद्धव म्हणाला.

“कोन?”

“वैजयंता. माझ्या हातून पडली. पलंगावरून खुर्चीत घेत होतो. रोज घेतो. डावा गुडघा गेला, काही कळलंच नाही… ती खाली आणि मी तिच्या अंगावर. हा एवढा देह, बुवा. खांद्याचं हाड थोडक्यात वाचलं. ती रडलीसुद्धा नाही. नुसती बघत राहिली माझ्याकडे.”

अठरा वर्षं हवेतले चेंडू धरणाऱ्या माणसाच्या हातून बायको पडली होती, आणि ते त्याला जगू देत नव्हतं. खरं सांगतो, मला त्याची फार दया आली. पुढे दुपारी मी त्याच्यावर मनापासून चिडलो, पण तेव्हा दयाच आली.

“केतकीनं मला घराबाहेर काढलं. म्हणाली, चार दिवस गावाला जाऊन या. मी एका दिवसापुरता आलोय. बाकी काही नको मला. ताकद द्या फक्त. पुन्हा तिला उचलताना…”

बुवांनी सूप बाजूला ठेवलं.

“मास्तर, अकराचा पहारा कोनाचा?”

“महादूचा. पण तो मोटार चालू करायला रानात गेलाय. उशीर होईल म्हणाला.”

“उद्धवला द्या. जा, आंघूळ करून ये.”

उद्धव गोंधळला. “मी ताकदीचं विचारत होतो…”

“वीणा घे. एक पहारा.”

वीणेचं आमच्याकडे असं आहे. सप्ताह बसला की सात दिवस ती जमिनीला टेकत नाही आणि मुकी होत नाही. ज्याच्या गळ्यात ती असेल त्याने उभं राहायचं, तार छेडत नाम घ्यायचं. दोन तासांचा एक पहारा. दोन तास झाले की पुढचा माणूस आंघोळ करून येतो आणि समोर हात जोडून उभा राहतो. तो ‘द्या’ म्हणत नाही. वीणेला हातही लावत नाही. गळ्यात असलेल्याने आपल्या हाताने ती काढायची, समोरच्याच्या गळ्यात घालायची, आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. मागायचं नाही, ओढायचं नाही. आमच्या आज्यापणज्यांपासून हे असंच आहे, आणि उद्धवला ते ठाऊक होतं. तो इथलाच.

आंघोळ करून तो आला. वीणेकऱ्याने जवळ फोन ठेवायचा नसतो.

“दोनच तास ना, बुवा? तिची जेवायची वेळ एकची आहे.”

“दोन तास.”

त्याने पुन्हा एकदा घरी फोन करून पेजेचं सांगितलं आणि फोन बुवांकडे दिला. बुवांनी तो बंडीच्या खिशात टाकला.

अकराला वीणा त्याच्या गळ्यात आली. पट्टा आमच्या मापाचा, त्यामुळे वीणा त्याच्या पार छातीशी बसली. मारुतीपुढे जरा बाजूला तो उभा राहिला. पहिला अर्धा तास त्याची नजर बुवांच्या खिशावरून हलत नव्हती. मग हळूहळू आवाज लागला. चांगला भरदार आवाज होता. पंगतीची तयारी करणारी माणसंही हातातलं टाकून जरा ऐकायला लागली.

एक वाजला.

एक ते तीन साळूबाईंचा पहारा. साळूबाई पंच्याहत्तरीच्या. उंची साडेचार फूट असेल नसेल. वर्षाकाठी त्यांचा हा एकच पहारा असतो आणि तो झाल्याशिवाय त्या त्या दिवशी अन्नाला शिवत नाहीत. धुतलेलं लुगडं नेसून, कपाळाला बुक्का लावून त्या उद्धवपुढे येऊन हात जोडून उभ्या राहिल्या.

उद्धवने त्यांच्याकडे पाहिलं. मग बुवांच्या खिशाकडे पाहिलं. मग स्वतःच्या गळ्यातल्या वीणेकडे.

आणि हसून मान हलवली. एका हाताने खूण केली… ‘बसा तुम्ही, आजी. मी आहे.’

त्याला वाटलं, आपण म्हाताऱ्या माणसावर उपकार करतोय.

साळूबाई तशाच उभ्या राहिल्या. पाव तास राहिल्या. मग खांबाला टेकून खाली बसल्या. हात मात्र जोडलेलेच.

मी तडक बुवांकडे गेलो.

“बुवा, त्याला सांगा.”

“काय?”

“साळूबाईंचा पहारा आहे.”

“ते फळ्यावर हाये की.”

“त्यानं दिली नाही वीणा.”

“बघितलं म्या.”

“मग?”

बुवा पुन्हा डाळ घेऊन बसले होते. “नाव पुसू नका, मास्तर,” एवढंच म्हणाले.

दोन वाजता मांडवाचं कापड तापलं. उद्धवच्या सदऱ्याला पाठीवर घामाचा मोठा ओला डाग पडला होता. तो एका पायावरचं ओझं दुसऱ्या पायावर घेत होता, पण दुसराही पाय तसलाच. आवाज मात्र कमी झाला नव्हता. उलट चढला होता. कॉलेजातली दोन पोरं मोबाइलवर त्याचं शूटिंग करत होती. एक जण म्हणाला, बघ, अजून तसाच आहे. उद्धवने ते ऐकलं, आणि सकाळी मुठीचं सांगताना जसा त्याचा चेहरा उजळला होता तसाच पुन्हा उजळला.

तो ताकद मागायला आला होता. आता त्याला वाटत होतं, बुवा त्याची ताकद बघतायत.

तीन ते पाच माझा पहारा.

मी आंघोळ करून, धोतर नेसून त्याच्यापुढे जाऊन हात जोडले. त्याने मलाही तीच खूण केली. बसा तुम्ही. मी एकसष्ट वर्षांचा. एकसष्ट म्हणजे काही म्हातारपण नव्हे. दहा मिनिटं मी त्याच्यापुढे बावळटासारखा उभा होतो. सगळं गाव बघत होतं. ‘द्या’ म्हणता येत नाही, ओढता येत नाही. शेवटी साळूबाईंच्या शेजारी जाऊन बसलो.

तो पहारा गेला तो गेला. मी ते आजही विसरलेलो नाही.

“न्हाई दिली?” साळूबाईंनी हळूच विचारलं.

“नाही.”

“दमलं आसंल ते लेकरू,” त्या म्हणाल्या.

सकाळपासून उपाशी होत्या त्या.

साडेतीनच्या सुमाराला बुवांच्या खिशातला फोन वाजायला लागला. उद्धवपर्यंत तो आवाज गेला नाही, त्याचा स्वतःचा आवाज मोठा होता. बुवांना फोन घेता येईना. मी उठून बटण दाबून दिलं. बुवांनी तो कानाला लावला.

“हां… हां. बुवा बोलतोय… हां. उद्धव वीणेवर हाये… बरं… बरं, सांगतो.”

मी विचारलं, काय झालं. बुवांनी फोन खिशात घातला आणि मारुतीकडे बघत बसले.

पाच वाजत आले. प्रवचनासाठी गाव जमायला लागलं. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, ताडपत्रीवर बसायला लागले. पाचचा पहारेकरी अंबादास आंघोळ करून आला होता, पण त्याने साळूबाईंना खुणेने पुढे जायला सांगितलं. साळूबाई खांब धरून उठल्या. पुन्हा त्याच जागी जाऊन, पुन्हा हात जोडून उभ्या राहिल्या.

उद्धवचे डोळे मिटलेले होते. त्याने त्यांना पाहिलं नाही.

आणि त्याचा डावा गुडघा गेला.

तो पुरता पडला नाही. एकदम झुकला, वीणा गळ्यातून पुढे झोकली गेली. मांडवातून एकदम ‘अरे अरे’ निघालं. सात दिवसांची वीणा टेकते की काय, म्हणून चार माणसं वीणेकडे धावली. साळूबाई धावल्या नाहीत. त्या तिथेच होत्या. त्यांनी वीणेला हात लावला नाही. उद्धवच्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं आणि आपला खांदा त्याच्या कोपराखाली दिला.

एवढीशी बाई. ती काय त्याला तोलणार. पण तो सावरला.

त्याने डोळे उघडून खाली पाहिलं.

“आजी… तुम्ही?”

पहाऱ्यात बोलायचं नसतं. तो बोलला.

“म्या इथंच हाये, बाबा. एकापासनं.”

“एकपासून? कशाला?”

“माझा पहारा व्हता.”

“मग मागितली का नाहीत माझ्याकडे?”

“मागायची नस्ती,” साळूबाई म्हणाल्या. “देनाऱ्यानं द्यायची.”

तार छेडणारं बोट तेवढं आपोआप चालू होतं.

“जेवलात?” त्याने विचारलं.

“पहारा झाल्याबिगर कशी जेवू?”

त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

तो खूप वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने गळ्यामागे हात नेला, पट्टा मुठीत धरला, आणि ती मूठ डोक्याच्या वर, मांडवाच्या कापडाला लागेल इतकी वर गेली. वीणा गळ्यातून निघाली.

ती साळूबाईंच्या गळ्यात घातली तेव्हा पार त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आली. पट्ट्याला गाठ मारून द्यायला मला जावं लागलं. मी कुरकुरतच मारली.

मग पाया पडणं. उद्धव कमरेतून वाकला, पण गुडघे मोडेनात आणि हात अर्ध्यावर अडकला. साळूबाईंनी तो अधांतरी हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला आणि नाम घ्यायला सुरुवात केली. आवाज बारीक, थोडा तालाच्या मागे. पण वीणा चालली.

उद्धव तिथून निघून बुवांच्या पुढ्यात आला. बुवा ओट्यावर बसलेले, हा खाली मांडवात उभा.

“सहा तास, बुवा,” तो म्हणाला. धाप लागली होती. “मी सोडली नसती. गुडघा गेला म्हणून…”

“व्हय. सहा तास.”

“माझं चुकलं का?”

“सहा तासांत केतकीला फोन न्हाई केलास.”

तो विसरला होता. एकची वेळ, पेज, उशी, सगळं. चार वर्षांत पहिल्यांदा विसरला होता.

बुवांनी खिशातून फोन काढून त्याच्यापुढे धरला. “तिचा आला व्हता. साडेतीनला.”

“काय झालं? पडली?”

“न्हाई.”

“ठसका लागला?”

“न्हाई. जेवली म्हनं.”

“…कोण?”

“वैजयंता. केतकीच्या हातनं. पोटभर. पेज न्हाई, वरनभात.”

उद्धव फोनकडे बघत राहिला.

“आंघूळ घातली म्हनं पोरीनं. येनी घालून दिली.” बुवा आठवून आठवून सांगत होते, एकही गोष्ट राहू नये म्हणून. “मंग हसली म्हनं वैजयंता. आवाज काढून हसली. तेवढंच सांगायला केला व्हता. दुसरं काय काम नव्हतं तिचं.”

मला वाटलं, आता ह्याचा जीव भांड्यात पडेल.

तसं झालं नाही. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. सकाळपासून तो गुडघ्यांचं सांगत होता, ताकदीचं सांगत होता. पण इतका घाबरलेला मी त्याला दिवसभरात पाहिला नव्हता. मंगळवारचं सांगतानासुद्धा नाही.

“माझ्याशिवाय जेवली?” त्याने विचारलं.

“व्हय.”

“हसली?”

“केतकी म्हंती तसं.”

“चार वर्षांत माझ्यासमोर एकदा हसली नाही ती, बुवा.” त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्याने पुसलं नाही. “एकदा नाही. मला वाटायचं, हसू गेलंच तिचं. आजारात गेलं.”

बुवा ओट्यावर जरा पुढे सरकून बसले.

“मी तिला विनोद सांगायचो. वरच्या हवेचासुद्धा सांगितला…”

मागे साळूबाईंचा बारीक आवाज चालू होता. मांडव भरत आला होता. प्रवचनकार येऊन आपल्या जागेवर बसले, त्यांनी उपरणं नीट केलं. पुरुषांच्या बाजूने कोणीतरी खाकरलं. उद्धवला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. देवापुढे मधोमध तो उभा, हातात फोन, दोन्ही खांदे खाली आलेले. इतका दमलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

“मग मी कशाला, बुवा?” तो म्हणाला. “आता मी करायचं काय?”

केरूबुवांनी मान पार मागे टाकून त्याच्याकडे पाहिलं.

“आधी खाली बस,” ते म्हणाले. “मागच्यांना दिसत न्हाई.”